बापाची बाजू

१२ मार्च, बुधवार

डॉक्टर फिदालियांनी ही हिरवी वही दिली. म्हणाल्या, "रोज मनात काय येतं ते लिहा, बाह शेम. तुम्ही वाचायला दिलीत तरच मी वाचेन." 'बाह' म्हणजे दादा, आदरानं म्हणाल्या. आतल्या पानावर शिक्का आहे: क्रमांक ३८. सहायकांना क्रमांक दिलेले दिसतात.

काम असं आहे. जुगाराची ओढ रक्तातून येते का, हे शोधण्यासाठी ही डॉक्टर मुलगी (वय एकतीस; चष्म्याची डावी काडी सैल होती, मी तिथल्या तिथे आवळून दिली) आठवडाभर पोलो मैदानाच्या कडेला उभी होती. लोक तिला विमा विकणारी समजून टाळत होते. शेवटी मीच पुढे झालो. सांगितलं की शिलाँगमध्ये तीर, म्हणजे बाणांवरचा आकड्यांचा खेळ, या विषयावर विचारायचं तर माणूस एकच आहे. माझ्याकडे एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत. रविवार सोडून रोज दुपारच्या दोन्ही फेऱ्या, निशाण्याच्या भाऱ्यात किती बाण रुतले, वारा कुठून होता, गवत ओलं की कोरडं, तिरंदाज किती जण बसले होते. बाणांच्या मोजणीतले शेवटचे दोन आकडे म्हणजे निकाल. बाकी गाव हे दोन आकडे रात्रीच्या स्वप्नावरून ठरवतं. मी अभ्यासावरून ठरवतो. स्वप्न फक्त पडताळ्यापुरतं.

घड्याळं दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही, हेही कोणी शिकवलं नाही. दोन्ही उघडून बघितलं आणि कळलं.

डॉक्टरांनी एका नळीत माझी लाळही घेतली. तुलनेसाठी एखादा धडधाकट माणूस लागतोच.

पहिल्या फेरीचा निकाल ४७. माझा आकडा ४६. म्हणजे पद्धत बरोबर, वारा चुकला.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी नेहमीप्रमाणे धाकट्या मुलीला, रिदाला, स्वप्न विचारलं. ती चार वर्षांची होती तेव्हापासून विचारतो. लहान पोरांची स्वप्नं स्वच्छ असतात. आता एकोणीसची झाली तरी दर्जा टिकवून आहे. आज तिला नदीत उभी असलेली माणसं दिसली. "किती?" विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, "तीन, पा. नाही, चार." थोरल्या बान्तेईची स्वप्नं लांबलचक असतात आणि त्यात एकही मोजण्यासारखी गोष्ट नसते. बायकोला, म्हणजे थेइलिनला, स्वप्नातसुद्धा भांडी दिसतात आणि ती किती होती ते सकाळी आठवत नाही.

डॉक्टरांच्या अर्जात एक ढोबळ चूक सापडली. आईकडचे नातलग विचारलेत ते ठीक. त्याच्या शेजारी तेवढाच मोठा रकाना वडिलांच्या बाजूला दिला आहे. मूल आईच्या कुळाचं असतं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाप बायकोच्या घरी राहतो, चहा पितो, छपराचे पत्रे ठोकतो, पण कुळात मोजला जात नाही. मी त्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारली आणि लिहिलं, "लागू नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "बाह, शरीराला कूळ कळत नाही. निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून."

"तुम्ही बाहेर शिकलात ना," मी म्हणालो. समजूत काढायच्या सुरात म्हणालो, तिला वाईट वाटू नये म्हणून.

१६ मार्च, रविवार

मैदान बंद. मला त्याचा काहीही त्रास होत नाही. व्यसन असतं तर झाला असता. दिवसभरात तीन भिंतीवरची घड्याळं उघडून पुन्हा बसवली. तिन्ही आधीपासूनच चालू होती.

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरांना अर्जाबाहेरची मदत करायचं ठरवलं आहे. बायकोच्या कुळाचा तक्ता काढतोय. मोठा कागद, चार पिढ्या, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, जुगाऱ्याला लाल ठिपका. थेइलिन तांदूळ निवडत माहिती देत होती, म्हणजे तिच्या मते गप्पा मारत होती.

"तुझ्या आजीचा भाऊ?"

"त्यानं एकदा शाळेच्या जत्रेत सोडत घेतली होती. सायकल लागली."

ठिपका दिला.

"अहो, सायकल तर मुलांना दिली त्यानं."

"सुरुवात अशीच होते," मी म्हणालो. "आणि तुझा तो मावसभाऊ?"

"पत्ते खेळतो. दिवाळखोर नाही झाला कधी."

"अजून झाला नाही." ठिपका.

संध्याकाळपर्यंत आठ झाले. माझं स्वतःचं कूळ, म्हणजे आईकडचं, पडताळून पाहिलं. शून्य. हे मी फक्त वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो आहे.

थेइलिननं तक्ता बघितला आणि विचारलं, "बान्तेईचे पा, तुम्ही कुठे आहात यात?" मी समजावलं की नवरा कुळाच्या तक्त्यात येत नाही. ती पुन्हा तांदळाकडे वळली. तक्ते वाचणं सगळ्यांना जमत नाही.

२६ मार्च, बुधवार

बडा बाजारातल्या चहाच्या टपरीवर बाह जॉप भेटला. हा जॉप सकाळी दहाला डोलायला लागतो आणि त्यानं एकदा सासऱ्याची डुकरं तीरावर लावली होती. त्याच्या बगलेत हिरवी वही. क्रमांक ३७.

"तुलाही घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं की. डॉक्टरबाई म्हणाली, तुमच्यासारखीच माणसं हवीत."

सहायक निवडताना या मुलीला मार्गदर्शनाची गरज आहे.

एकोणीस वर्षांच्या वह्या डॉक्टरांना बघायला दिल्या होत्या, त्या तिनं आज परत आणून दिल्या. बारकाईनं बघितल्या म्हणे. विचारलं, "लागलेले आकडे तुम्ही काळ्या शाईत लिहिलेत. एकानं हुकलेले तेवढे लाल शाईत, खाली दोन रेघा. असं का?"

"कारण तेच महत्त्वाचे," मी म्हणालो. "जवळ पोचल्याचा पुरावा असतो तो."

तिनं ते लगेच तिच्या वहीत उतरवून घेतलं. पद्धत पटलेली दिसते.

वहीवरचा ३८ चार दिवस लावून पाहिला. आज ३९ आला.

३ एप्रिल, गुरुवार

वाईट दिवस. क्रमवार लिहितो.

वसंताचा नाच दोन आठवड्यांवर आहे. आमच्या घरात पोवळ्यांचा आणि सोन्याच्या मण्यांचा हार आहे. धाकट्या मुलीकडून धाकट्या मुलीकडे येतो, तिच्याबरोबर घरही येतं. थेइलिननं तो दोन वर्षांपूर्वी रिदाच्या हवाली केला. नाचासाठी बाहेर काढायचा, म्हणून सकाळी सव्वासातला पेटी उघडली. कापूस होता. हार नव्हता.

रिदा जागची हलली नाही. म्हणाली, "बाजारात गहाण ठेवलाय एकाकडे. सोडवून आणणार होते."

"कशासाठी ठेवलास?" थेइलिननं विचारलं.

"तीर."

मी म्हणालो, "कुठल्या आधारावर लावत होतीस? वाऱ्याची नोंद ठेवत होतीस का?"

थेइलिननं माझ्याकडे बघितलं. तिचा भाऊ लाम्फ्रांग परवा येणार. मुलींचा मामा तो, निवृत्त शाळामास्तर. निर्णय घ्यायचा हक्क त्याचा आहे. मला फक्त त्याला चहा द्यायचा हक्क आहे.

५ एप्रिल, शनिवार

लाम्फ्रांगनं रिदाला समोर उभं केलं आणि वर्गात विचारतात तसं विचारलं, कधीपासून. म्हणाली, दीड वर्ष. का. ती म्हणाली, "मामा, आकडा लागण्याचं काही नाही. पडदा ओढून बाण मोजायला लागतात ना, तेव्हा पोटात जे होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही. परीक्षेनं नाही, नाचानं नाही."

हे वर्णन अत्यंत अचूक आहे. अचूकपणा तिनं माझ्याकडून उचलला असावा.

लाम्फ्रांगचं ठरलं आहे: पुढच्या रविवारी कुळाची बैठक. घर आणि हार रिदाला ओलांडून बान्तेईकडे जावं, असं त्याचं मत. धाकटीला ओलांडायचं म्हणजे काय, हे जन्म दिलेल्या बापाला तरी सांगायला नको. तिला कोणी घराबाहेर काढणार नाही. फक्त ती आपल्याच घरात पाहुणी होईल, आणि सगळं कूळ तिच्याशी फार गोड बोलेल. पोरगी दोन दिवस जेवली नाही. डुकराचं काळ्या तिळातलं मटण केलं होतं, तरी नाही.

मी तिला वाचवणार आहे. लाम्फ्रांगला माझा तक्ता दिला. हा दोष पोरीचा नाही, तुमच्या कुळात चार पिढ्या मुरलेला आहे, आणि हे शास्त्र आहे, असं स्पष्ट केलं. त्यानं तक्ता बराच वेळ न्याहाळला. घडी घालून खिशात ठेवला.

"फार मेहनत घेतलीत, बाह शेम," तो म्हणाला.

अखेर कोणीतरी म्हणालं.

१२ एप्रिल, शनिवार

डॉक्टर दुकानात आल्या. मी एका जुन्या घड्याळाचं चाक चिमट्यात धरलं होतं, म्हणून बसायला सांगितलं नाही. त्या स्टूल ओढून बसल्या आणि कागद उलगडला. त्यांनीही तक्ता काढला होता, पण वेडावाकडा, पट्टीशिवाय.

"तुमच्या वडिलांबद्दल सांगा, बाह."

"ते वेगळ्या कुळाचे."

"माणूस म्हणून सांगा."

सांगण्यासारखं फार नाही. माझा बाप चांगला सुतार होता. रोज तीन वाजता रंधा ठेवून नाहीसा व्हायचा. सव्वापाचला परत यायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. मी सात वर्षांचा असताना आईनं त्याचा पेटारा बांधला आणि त्याला त्याच्या बहिणीच्या घरी पाठवून दिलं. त्या काळी मैदान दुसरीकडे होतं, डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, तेवढी दुरुस्ती मी केली.

त्यांनी कागदावर एक लाल ठिपका दिला. मग त्याच्याखाली, न विचारता, दुसरा. मग तिसरा.

"वडील, तुम्ही, रिदा. तिघांची कुळं तीन. म्हणून एकाही कुळाच्या तक्त्यात ही रेघ दिसत नाही."

मी म्हणालो की मी अभ्यासक आहे. त्या म्हणाल्या, हो, आणि सावकाश सांगत गेल्या. काही मेंदू असे असतात की त्यांना हुकलेला आकडा जिंकल्यासारखाच लागतो. एकानं हुकलं की "थोडक्यात गेलं, उद्या नक्की" म्हणून आतून धक्का बसतो. ही घडण बरीचशी रक्तातून येते, जुळ्या भावंडांच्या अभ्यासात साधारण निम्मी म्हणतात. त्यासाठी असं एकच जीन सापडत नाही, अनेक असतात, थोडं थोडं ढकलतात. "पण नुसत्या घडणीनं काही होत नाही. उरलेलं घर देतं. कोणाला तरी काडी ओढावी लागते."

"आमच्या घरात काडी कोणी ओढली?"

त्यांनी उलट विचारलं, "रिदाला स्वप्नं कधीपासून विचारता?"

मी म्हणालो दुकान बंद करायची वेळ झाली. साडेतीनला नऊ मिनिटं कमी होती. मैदानावर गेलो.

निकाल ६१. माझा ६२. लाल शाईची बाटली उघडली आणि तशीच हातात धरून बसलो. रेघा मारल्या नाहीत. बाटली बंद करायला विसरलो, आता वाळली असेल.

१३ एप्रिल, रविवार

बैठक आमच्याच घरी. लाम्फ्रांग, त्याचे दोन चुलतमामे, थेइलिन, मावश्या. मी रीतीप्रमाणे दाराशी, पान-सुपारीचं तबक घेऊन. चुना नीट लावलेला होता, त्याबद्दल कोणाला तक्रार नव्हती.

लाम्फ्रांगनं खिशातून तक्ता काढला. माझा.

"बाह शेमनी हे फार मेहनतीनं केलंय," तो म्हणाला. "यात दिसतं की आपल्या कुळात आठ ठिपके आहेत. नववा ठिपका घराच्या किल्ल्या मागतोय. आता तुम्हीच सांगा, शास्त्रच म्हणतंय म्हटल्यावर मी कोण?"

एक मावशी म्हणाली, "माझ्या मामाचा ठिपका सायकलीसाठी आहे का?" कोणी हसलं नाही.

रिदा भिंतीला टेकून खाली बघत होती. तिनं तक्त्याकडे बघितलंच नाही. हाताची बोटं आळीपाळीनं मिटत होती, करंगळीपासून. मी पण तसंच मोजतो. अंगठ्यापासून मोजणारे लोक चुकतात.

मी तबक खाली ठेवलं आणि बोलायची परवानगी मागितली. बायकोच्या कुळाच्या बैठकीत एकवीस वर्षांत पहिल्यांदा. लाम्फ्रांगला नाही म्हणायला शब्द सापडेपर्यंत मी बोलायला लागलोही होतो.

म्हणालो, तक्ता चुकीचा आहे. सायकलीचा ठिपका तर हास्यास्पद आहे. (मावशीनं मान डोलावली.) ही गोष्ट तुमच्या कुळातून आली नाही. माझ्या बापाकडून माझ्यात आली, माझ्याकडून हिच्यात. तुमच्या तक्त्यात आम्हाला जागा नाही म्हणून ती कोणाला दिसली नाही. मी रोज खेळतो. एकोणीस वर्षं. ही पोर चार वर्षांची असल्यापासून रोज सकाळी मी हिला आकडा मागतो, बाकीचे लोक पोराला दूध प्यायलीस का विचारतात तसा.

मग थेइलिन म्हणाली, "तुमचा ठिपका मी केव्हाच दिला होता. मला कोणी कागद दिला नाही एवढंच."

लाम्फ्रांग मास्तरच शेवटी. म्हणाला, "कुठूनही आलं तरी पोरीच्या अंगात आहेच ना?"

"ओढ आहे," मी म्हणालो. "ती जाणार नाही. काडी ओढणारा मात्र घरातून जाऊ शकतो."

हे बोलल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

चर्चा दीड तास चालली. ठरलं ते असं: घर रिदाचंच राहील. हार लाम्फ्रांग सोडवून आणेल आणि वर्षभर त्याच्या कपाटात ठेवेल. रिदा दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाईल, तिथे अशीच माणसं एकत्र बसून बोलतात. आणि बाह शेम काही काळ आपल्या बहिणीच्या घरी राहतील.

उठताना लाम्फ्रांगनं तबकातलं पान घेतलं, अर्धं मोडून मला दिलं. म्हणाला, "तक्ता सुबक होता मात्र."

१५ एप्रिल, मंगळवार

पेटारा थेइलिननं बांधला. आईनं बापाचा बांधला होता त्यापेक्षा नीट. एकोणीस वर्षांच्या वह्या डॉक्टरांकडे पाठवल्या, परत करू नका असं चिठ्ठीत लिहिलं.

सुमोनं सव्वा तासात गावी आलो. माझी बहीण सिल्बी म्हणाली, इथे शांत आहे, तीर-बीर काही नाही. बसथांब्यापासून तिच्या दारापर्यंत तीराच्या दोन टपऱ्या लागल्या. तिला त्या दिसत नाहीत. ती आमच्या आईवर गेली आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

चौदा दिवस. तीन ते सव्वापाच या वेळेत कुंपण बांधलं. सिल्बीला कुंपण नको होतं.

वारा मोजत नाही. नैर्ऋत्येकडून आहे, एवढं दिसतंच.

१८ मे, रविवार

रिदा आली. माझी बारीक अवजारं आणली, वाटेत एक चिमटा वाकवला. काही बोललो नाही. म्हणजे एकदाच बोललो.

सिल्बीनं लाल चहा आणि तांदळाच्या पोळ्या दिल्या. अंगणात बसलो. ती म्हणाली, डॉक्टरांकडच्या बैठकीत बाह जॉप शेजारी बसतो आणि तिला धीर देतो. मग म्हणाली, "पा, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांग."

"मला स्वप्नं पडायचीच नाहीत. पडली तरी सकाळी आठवायची नाहीत. पहिल्यापासून मी रचून सांगायचे. नदी, माणसं, सगळं."

मी विचारलं, "का?"

"नाही पडलं म्हटलं की तू उठून जायचास. पडलं म्हटलं की चहा संपेपर्यंत बसायचास." तिनं पोळीचा तुकडा मोडला. "अकरा वर्षांची होते तेव्हा एकदा उगाच चार कावळे आणि सात म्हातारे सांगितले. सत्तेचाळीस आला. तू मला उचलून घेतलंस. तेव्हा पोटात झालं ते पहिल्यांदा."

पंधरा वर्षांचा पडताळा. सगळ्या नोंदी लाल-काळ्या शाईत, तारीखवार. डॉक्टरांना कळवावं लागेल की स्वप्नांच्या स्तंभाला काही अर्थ नाही. की अर्थ फक्त त्याच स्तंभाला आहे, ते त्यांनी बघावं.

पोळी संपवून रिदा म्हणाली, "आता पडतात, पा. खरीखुरी. काल एक पडलं. सांगू?"

मी हो म्हणालो. तिनं सांगितलं. त्यात माणसं होती, पक्षी होते, एक जिनाही होता. माझी जीभ दोनदा टाळ्याला लागली. किती, ते विचारलं नाही.

स्वप्न इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

बराच वेळ सांगत होती. चहा गार झाला. अर्धा तास असेल, किंवा पाऊण. अंदाजे.